खिळ्यांचे टायर

भर वैशाखात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, गल्लीत बर्फाच्या लाद्या अंथरून त्यांवरून सायकल हाणणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय. तो आमच्या शाहूपुरीतला, माझा शेजारी. हे सांगताना माझी छाती अजून फुगते.

आप्पा सायकलवाले. दुकान एका दाराचं, आवाज मात्र तालमीतला. सायकल दुरुस्तीला आली की आधी मालकाची तपासणी व्हायची. "पावणं, सायकल बरी हाय. तुमचं बसणंच वाकडं हाय की!" गिऱ्हाईक चिडायचं, पण पुन्हा तिथंच यायचं.

त्यांची एकुलती एक लेक सुशी. आप्पांनी तिला आईविना वाढवलं, आणि ती नर्स होऊन विलायतेला गेली. आप्पांना वाचता येत नसे, म्हणून तिची पत्रं मी वाचून दाखवायचो आणि उत्तरंही मीच लिहायचो. एका पत्रात तिनं लिहिलं, 'दवाखान्यात सायकलनं जाते. थंडीत रस्त्यावर बर्फ होतो. दोनदा आपटले. पुढचा हिवाळा झेपणार नाही, परत यावं म्हणते.'

"येऊ दे की मग," मी म्हणालो. रिकामं घर त्यांना खायला उठतं, हे मला ठाऊक होतं.

आप्पा उसळले. "रस्त्याला भिऊन परत? माझी लेक हाय ती, मास्तर!"

त्याच दिवशी त्यांनी चपलेला मारायचे खिळे आणून टायरमध्ये आतून बाहेर ठोकायला घेतले. खिळ्यांच्या डोक्यांनी पाच ट्यूब फाटल्या. मग त्यांनी आत चपलेचं चामडं बसवलं. "कोल्हापुरी चामडं हाय. बर्फाची काय टाप!"

चाचणीला बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आल्या. निम्मी गल्ली बघायला जमली, निम्मी सरबताला तुकडे पळवायला. आप्पांनी आधी साध्या टायरची सायकल काढली.

"हे कशाला?" मी ओरडलो.

"आधी पडाय पायजे की! पोरगी कशी पडली ते कळल्याबिगर इलाज कसा करायचा?"

आणि ते पडले. चांगले दाणकन पडले. मग उठून खिळ्यांच्या टायरवर बसले आणि करकर आवाज करत सरळ पार गेले. गल्लीनं शिट्ट्या मारल्या. आप्पांचं मनगट मात्र टम्म सुजलं होतं.

"लिवा मास्तर, टायर पास. मनगटाचं लिवू नगा."

पार्सल जहाजानं गेलं. पुढच्या हिवाळ्यात उत्तर आलं.

'आप्पा, यंदा एकदाही पडले नाही. करकर ऐकू आलं की वॉर्डातले म्हातारे म्हणतात, आली आपली सिस्टर. आता रस्त्याची भीती उरली नाही. म्हणून आणखी तीन वर्षं राहायला होकार दिलाय.'

मी पत्राची घडी घातली. आप्पा मनगट चोळत बसून राहिले. दारात एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्या बसण्याबद्दलही ते काही बोलले नाहीत.

"एकदाबी पडली न्हाय?" त्यांनी विचारलं.

"एकदाही नाही."

"तीन वरसं म्हंजे तीन हिवाळं," ते म्हणाले. "एक जोडी पुरायची न्हाय, मास्तर."

आणि त्यांनी खिळ्यांचा डबा पुढं ओढला.