गैरहजर माणसाचा पुकारा

आमच्या नगरपालिकेचं कोर्ट आज चालू आहे ते माझ्यामुळे. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्यासाठी मी या वयात गुन्हेगारी पत्करली!

हे कोर्ट म्हणजे पाणीपट्टीच्या खिडकीशेजारची एक खोली. चार बाकं, कुरकुरणारा पंखा आणि समोर मॅजिस्ट्रेट मॅडम. इथे खूनबीन येत नाहीत. कुणी फुटपाथवर सामान मांडलं, कुणाचा कुत्रा कुणाच्या दारात बसला, असलेच खटले. दर मंगळवारी दारातला शिपाई छाती भरून नावं पुकारतो. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं तीन-तीनदा.

मी शाळामास्तर. सगळा जन्म दुसऱ्यांची हजेरी घेण्यात गेला. माझी हजेरी घेणारी एकच होती, माझी बायको, ती गेली. सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशी नावानं हाक मारायची. आता लेकीला मी बाबा, किराणावाल्याला काका, शेजारणीला आजोबा. नाव आहे, पण वापरात नाही. आठवडे जातात, कुणी उच्चारत नाही.

अशात एकदा माझी कुंडी फुटपाथवर गेली आणि मला कोर्टाचं बोलावणं आलं. शिपायानं माझं नाव पुकारलं. मी उठून ‘हजर’ म्हणालो. दंड भरून घरी आलो तो चक्क शीळ वाजवत.

आणि लगेच बातमी आली की कोर्ट बंद होणार! पालिकेच्या खजिनदारांचं म्हणणं, खटले येतात मूठभर. दंडातून कोर्टाचा खर्च निघत नसेल तर टाळं लावा. निर्णयासाठी जाहीर सभा ठरली. मी मनात म्हटलं, खटले कमी आहेत ना? पुरवतो.

पण गुन्हा करणं सोपं, पकडलं जाणं महाकठीण. आमच्या भागाचा स्वच्छता निरीक्षक माझाच विद्यार्थी निघाला. मी कुंडी फुटपाथवर ठेवली, तर त्यानं ती उचलून आत ठेवली आणि वर विचारलं, ‘सर, पाणी घालू का?’ मी गॅलरीतून त्याच्या अंगावर पाणी सांडलं, तर उन्हाचं बरं वाटलं म्हणाला. शेवटी त्याच्या डोक्यावर सतरंजी झटकली, तेव्हा कुठे बिचाऱ्यानं कागद काढला. पुढे मात्र त्याचा हात बसला. मी नुसता गॅलरीत आलो की तो पेन काढायचा. लागोपाठ चार मंगळवार माझा पुकारा झाला!

सभेला सभागृह गच्च भरलं होतं. खजिनदार म्हणाले, कोर्टानं आपलं पोट आपण भरावं. त्यावर एक वकीलबाई उभ्या राहिल्या. “ज्या कोर्टाचं पोट दंडावर, त्याला समोरचा प्रत्येक माणूस गुन्हेगारच दिसणार. खर्च करातून द्या. म्हणजे निर्दोष माणसाला सोडताना कुणाला घरभाड्याची आठवण होणार नाही.”

बेकरीवाले म्हणाले, कर म्हणजे आमचाच खिसा. आम्ही कधी कोर्टाची पायरी चढत नाही, आम्ही का भरायचं? गलका झाला. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, “गेल्या दोन महिन्यांत कोर्टात कुणाकुणाचा पुकारा झाला? हात वर करा.”

सगळ्या सभागृहात एकच हात वर गेला. तो माझा होता.

वकीलबाई तडक माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. कोर्टाचा खर्च भागवायला म्हातारी माणसं ओढून आणतात, असं त्या सभेला सांगू लागल्या. लोक हळहळले. निरीक्षकानं मान खाली घातली. मी उठून म्हणालो, “तसं नाही हो, मी आपणहून...”

“घाबरू नका, आजोबा,” त्या म्हणाल्या.

बेकरीवाल्यांनी मला पाणी आणून दिलं. त्यांचेच डोळे भरून आले होते. मग ठराव झाला: कोर्ट चालू राहील, खर्च करातून. मी तर टाळ्या वाजवायला उभाच राहिलो. त्याच दमात दुसरा ठराव: किरकोळ गुन्ह्यासाठी ज्येष्ठांना कोर्टात बोलवायचं नाही, ताकीद घरपोच. टाळ्या थांबेनात. माझे हात तेवढे थांबले.

कोर्ट वाचलं, आणि त्यातून मीच वगळला गेलो! आता निरीक्षक ताकीद दाराच्या फटीतून सरकवतो आणि मला वाईट वाटू नये म्हणून पाय न वाजवता निघून जातो.

तरीही मंगळवारी गेलो. शिपाई प्रेमानं म्हणाला, “आजोबा, तुम्हाला आता माफ आहे.” मी मागच्या बाकावर बसलो. नावामागून नाव गेलं. मग एक नाव तीनदा पुकारलं गेलं आणि कुणीच उठलं नाही. वर्गात एखादं पोरगं उत्तर देत नसलं की मला कसंसंच व्हायचं, तसं झालं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “हजर.”

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “हे नाव तुमचं नाही.”

“नाही. पण ज्याचं आहे तो आला नाही, आणि मी आलोय.”

त्यांनी कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं. दुसऱ्याच्या नावानं कोर्टात उभं राहणं हा किरकोळ गुन्हा नाही, म्हणाल्या. यात घरपोच सवलत नाही. “जातीनं यावं लागेल. पुढच्या मंगळवारी. आणि तारखा बऱ्याच पडतील, बरं का.”

लेकीला फोनवर सांगितलं, तर ती कपाळाला हात लावूनच बसली असणार. बाबा, चांगला वकील देते, म्हणाली. मी साफ नको म्हटलं. वकील दिला, तर माझ्या नावाला ‘हजर’ तोच म्हणेल.