जीप आमची, बीज आमचं, तलाव त्याईचा

जुन्या जीपचा डायनामो दुरुस्त कराले मेकॅनिक लागत नाई, हे मी मूल गावच्या चहाटपरीवर सगळ्याईसमोर ठासून सांगितलं होतं. बापाच्या काळची जीप होय, तिची नस मलेच माहीत. झालं असं, का डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा काई विझेना. म्हणजे डायनामो बॅटरीले करंट देत नव्हता. मी डायनामो उतरवला, पुसला, परत चढवला, पट्टा कसला. दिवा तसाच. मंग मले असा राग आला, का डॅशबोर्डवर एक बुक्कीच हाणली. दिवा विझला.

"पाह्य, झालं दुरुस्त," मी बायकोले म्हणलो.

साधना म्हणे, "दुरुस्त झालं का बुक्कीले भेलं?"

पण आमच्या मासेमारी संस्थेचे अध्यक्ष केवळरामभाऊ माझ्या भरोशावर राह्यले. तलावात सोडाले रोहू-कतल्याचं बीज आणायचं होतं. साऱ्या गावाची वर्षभराची मासोळी त्याच्यावर. इवल्या इवल्या पिल्लाईच्या, पाणी अन् ऑक्सिजन भरलेल्या थैल्या मागं रचल्या. त्याईच्याजवळ भाऊ बसले, पुढं मी अन् साधना.

रस्त्यानं सूरजागडकडून येणारे लोखंडाचे ट्रक. एकेकाले हॉर्न देत निघालो. हॉर्न आधी हेल्यासारखा वाजे, मंग बकरीसारखा, मंग नुसता दमेकऱ्यासारखा. पिपरटोल्याच्या तलावापाशी जीप दोन हिसके देऊन बंद पडली.

"काय झालं, निकेश?" भाऊनं विचारलं.

"बॅटरी उतरली, भाऊ."

"डायनामो तं तू दुरुस्त केला होता ना?"

"दिवा तं विझला होता."

भाऊनं बोनट उघडलं. डायनामोपाशी एक बारीक वायर लोंबकळून राह्यली होती. "हे शेपटी कोनाची होय?"

चढवताना तेच जोडायची राह्यली होती. अन् दिवा? माझ्या बुक्कीनं त्याचा बल्बच गेला होता. भाऊ मले जे बोलले, ते मी सांगत नाई. माझा बाप त्याईच्या वर्गात होता म्हणून तेवढ्यावर भागलं.

वायर जोडली, पण मेलेली बॅटरी काय स्टार्टर फिरवते? मी अन् भाऊ ढकलून राह्यलो, जीप हलेना. पावसाच्या उघाडीचं ऊन असं, का थैल्या चहासारख्या तापल्या. पिल्लं तोंडं वर करून राह्यली.

"इथंच सोडा," साधना म्हणाली.

भाऊ भडकले. पिपरटोल्याची संस्था म्हणजे आमची पक्की वैरी. गेल्या साली जाळ्यावरून अशी भांडणं झाली होती, का भाऊ त्या गावचं पाणीही पेत नव्हते. "त्याईच्या तलावात? मी जित्ता असताना?"

"मेलेलं बीज आपल्या तलावात टाकता, का जित्तं त्याईच्या? बोला लवकर."

भाऊनं पहिली थैली उचलली, तलावात उतरले, तोंड दुसरीकडं फिरवलं अन् गाठ सोडली. पिल्लं पाण्यात सरकन पांगली. शेवटच्या थैलीपर्यंत भाऊनं मान वळवली नाई.

तेवढ्यात काठावर पिपरटोल्याचे लोक जमले. त्याईच्या संस्थेच्या गोकुळाबाईनं रिकाम्या थैल्या पाह्यल्या, पाण्याकडं पाह्यलं, अन् सारं समजून गेल्या. "अरे, पाहून काय राह्यले? धक्का मारा पाव्हण्याईच्या गाडीले."

साऱ्या गावानं धक्का मारला. जीप लगेच सुरू झाली. गोकुळाबाई खिडकीपाशी आल्या.

"केवळरामभाऊ, येत्या साली बीज याच गाडीनं आनजा."

"हो बाई, आणतो," मी सवयीनं म्हणून गेलो.

डायनामोचं भाऊनं माफ केलं. त्या 'हो बाई'चा राग अजून उतरला नाई.