हे काहून हलते?

गजभिये आमच्या मुलुंडच्या सोसायटीत राहायला आले त्या आठवड्यात मी त्यांना पंपवाला समजलो. यात माझी चूक होती हे मान्य. पण सकाळी साडेसातला एक गृहस्थ पंपघराच्या दाराला टेकून, भुवया आकसून उभा असेल, तर माणसाने दुसरं काय समजावं? मी त्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या पाण्याची सगळी कहाणी ऐकवली. नळाला धार कशी नाही, ए विंगला कशी आहे, सेक्रेटरी कुठल्या विंगमध्ये राहतो, सगळं. त्यांनी मान खाली घालून शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "अकरा सेकंद. नाही चालणार."

मी वर येऊन मंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, सांगितलं की पंपाला सुरू व्हायला अकरा सेकंद लागतात, पंपच बदलावा लागेल. तिने दोन दिवस बादल्या भरून ठेवल्या.

मग कळलं की हे चौथ्या मजल्यावरचे गजभिये. मूळचे भंडाऱ्याकडचे, आता नोकरी अंधेरीला. आणि नोकरी काय, तर लोकांच्या वेबसाइटचं वजन उतरवणं. ज्या वेबसाइटवर चित्रं उडतात, अक्षरं गिरक्या घेतात आणि आपला फोन तापून इस्त्रीसारखा होतो, त्या वेबसाइट यांच्याकडे येतात. हे त्यांना पथ्यावर ठेवतात. पंपघरापाशी उभं राहायचं कारण एकच: आमच्या सोसायटीत फोनला सगळ्यात कमी रेंज तिथे. त्यात त्यांच्या हातात काच तडकलेला, आठ वर्षांचा स्वस्तातला फोन. "इथे उघडली तर जगात कुठेही उघडते, परबभाऊ," असं त्यांचं म्हणणं. ते वेबसाइट उघडायचे आणि ओठ हलवत सेकंद मोजायचे. तीनच्या पुढे गेलं की चेहरा आंबट.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "हे काहून हलते?" काहून म्हणजे का. हे वाक्य त्यांनी ऑफिसात इतक्या वेळा म्हटलंय की तिथली पोरं आता पंखा बघूनही तेच म्हणतात. आमच्या सोसायटीच्या गणपतीत मखरावर फिरणारे दिवे लावले होते. गजभिये आले, हात जोडले, वर बघितलं आणि विचारलं. सजावट समितीचा अध्यक्ष मीच होतो. आता गणपतीसमोर दिवे का फिरतात याला उत्तर काय देणार? मी म्हटलं, शोभा. ते म्हणाले, "शोभा आहे तर ठीक. पण बाप्पाकडं कोणी बघून नाही राहिलं." प्रसाद घेतला आणि निघून गेले. त्यांची बायको तर आलीच नाही. ती कुठल्याच कार्यक्रमाला यायची नाही. शिष्ट आहे, असं आमच्या सोसायटीने एकमताने ठरवून टाकलं होतं.

आता माझ्या वेबसाइटकडे येतो. मंदा दर उन्हाळ्यात मालवणी मसाला करते. पूर्वी लोक फोन करायचे, मंदा वहीत लिहायची, झालं. मला वाटलं, जग कुठे गेलं आणि आपण कुठे. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मी स्वतः वेबसाइट केली. ती उघडली की आधी लाटा यायच्या. मग डावीकडून एक होडी डुलत डुलत यायची. माड हलायचे, एक बांगडा उडी मारायचा, वरून मिरच्यांचा पाऊस पडायचा, आणि हे सगळं आटपलं की 'ऑर्डर करा' असं बटण चेंडूसारखं उड्या मारत खाली यायचं. ते दाबायला जावं तर ते तोवर सरकलेलं असायचं आणि बोट पडायचं 'आमच्याविषयी'वर. तिथे माझा गॉगलमधला फोटो होता.

फोन करणाऱ्यांनाही मी ऐटीत सांगू लागलो, वेबसाइटवर जा. ते गेले ते गेलेच. वैशाख अर्धा सरला तरी मसाल्याचे डबे पलंगाखालून हलेनात. मंदाने बहिणीच्या फोनवर आमची वेबसाइट उघडून बघितली आणि घरी येऊन शांतपणे म्हणाली, "लोक मसाला घेऊक येतत आणि तुमका बघून जातत." ती मालवणीवर आली की प्रकरण गंभीर असतं. महिनाअखेरपर्यंत डबे रिकामे झाले नाहीत तर पुढल्या वर्षीपासून मसालाच बंद, असं तिने जाहीर केलं. तिच्या आईपासून चालत आलेला तो मसाला. मी पायात चपला घातल्या आणि चौथ्या मजल्यावर न जाता थेट पंपघरापाशी गेलो.

गजभियांनी वेबसाइट उघडली. मोजत राहिले. एकोणीसपर्यंत ऐकू आलं, पुढचं त्यांनी मनातल्या मनात मोजलं असावं. मी शेजारच्या कट्ट्यावर बसून पाय हलवत होतो. बसलो की उजवा पाय हलवायचा ही माझी कॉलेजपासूनची सवय. त्यांनी फोनवरची नजर न काढता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो दाबून धरला. मला वाटलं, विदर्भातल्या लोकांची धीर द्यायची पद्धत असेल.

पुढचे दोन रविवार आम्ही दोघं त्या कट्ट्यावर. एकेका गोष्टीवर बोट ठेवून ते विचारायचे, हे काहून हलते? आणि मला कारण द्यावं लागायचं. मिरच्यांना कारण सापडलं नाही, मिरच्या गेल्या. बांगड्याने उडी का मारावी हे बांगड्यालाही सांगता आलं नसतं, तो गेला. माड राहिले, पण त्यांना वारा लागणं बंद झालं. बटण मोठं झालं आणि जिथे अंगठा सहज पोचतो तिथे पहिल्यापासून ठाण मांडून बसलं. "पाहुण्याला आधी पाट द्या भाऊ, रांगोळी मागून काढा," ते म्हणाले. माझा फोटो तेवढा त्यांनी ठेवला, पण त्याचं वजन इतकं उतरवलं की मंदा म्हणाली, गजभियांना एकदा घरीही बोलवा, तुमचंही उतरवतील.

अडलं ते होडीपाशी. होडी काढायला मी तयार नव्हतो. माझे आजोबा वेंगुर्ल्याला होडीवर होते, वडील ते सोडून मुंबईला गिरणीत आले. मसाल्याच्या डब्यावरही होडीच आहे. मी हे सगळं जरा जास्तच भावुक होऊन सांगितलं. गजभिये नेहमीसारखे वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी फोन खिशात घातला. मग म्हणाले, "घरी चाला."

मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी जात होतो. पडद्यांना खालून कपड्यांचे चिमटे लावलेले. मे महिन्यात छताचा पंखा बंद आणि उभा पंखा खुर्चीच्या मागे, दिसणार नाही असा. भिंतीवरच्या घड्याळाला सेकंदकाटाच नाही. खुर्चीत करुणावहिनी भिंतीला पाठ टेकून ताठ बसल्या होत्या. हसून 'या' म्हणाल्या, पण मान हलवली नाही.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या कानाच्या आत काहीतरी बिघडलं. डोळ्यांसमोर काही हललं की खालची जमीन फिरायला लागते. औषधांनी बरंच बरं आहे, पण गर्दी नको, फिरणारे दिवे नकोत. त्यांनी हे अगदी सर्दी झाल्यासारखं सांगितलं. मला तो गणपतीतला अध्यक्ष आठवला आणि मी त्याच्यापासून शक्य तितका लांब सरकून बसलो.

"तुमची वेबसाइट मी उघडली होती, भाऊ," त्या म्हणाल्या. "होडी आली आणि मी आडवी झाले." आणि त्याच हसायला लागल्या. "हे म्हणाले, मी मागवून देतो. सगळं हेच मागवतात. मी म्हटलं, नको, मसाला मी मागवीन."

लग्नानंतर ही दोघं अंधेरीला राहायची तेव्हा दर रविवारी वर्सोव्याहून मढला होडीतून जायची, काही काम नसताना, नुसती परत यायला. भंडाऱ्याच्या मुलीला खाडीची भारी हौस. म्हणून होडी काढू नका, एवढंच वहिनींचं म्हणणं होतं. तिला फक्त उभी करा.

गजभिये त्यांच्याकडे न बघता मला समजावू लागले. प्रत्येक फोनमध्ये एक बटण असतं, हालचाल कमी करा असं सांगणारं. वहिनींच्या फोनमध्ये ते चालू आहे. वेबसाइटने फोनला नुसतं विचारायचं असतं, आणि फोन हो म्हणाला तर होडी उभी ठेवायची. "फोन सांगून राहिला की या माणसाला हललेलं सोसत नाही. पण कोणी विचारतच नाही, भाऊ." इतके दिवस मी ज्याला त्यांचं खूळ म्हणत होतो ते एवढंच होतं.

मंगळवारी सकाळी मी कामावर निघालो तर गजभिये पंपघरापाशी. आज हातात फोन नव्हता. नुसतेच उभे. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "ती वर ऑर्डर देऊन राहिली. मी समोर असलो की मी मदत करतो."

मीही थांबलो. दोघांनी मिळून पंपाकडे बघितलं. मग माझा फोन वाजला. करुणा गजभिये, चौथा मजला, मालवणी मसाला अर्धा किलो. खाली सूचनांच्या रकान्यात लिहिलं होतं: होडी उभी आहे. छान दिसते.

मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही. मी विचारलं, किती सेकंद लागले?

"मोजले नाही," ते म्हणाले.

ऑफिसला उशीर झालाच होता, म्हणून मी परत वर गेलो आणि मंदाला सगळं सांगितलं, घरातल्या चिमट्यांपासून मढच्या होडीपर्यंत. तिने पलंगाखालून डबा ओढला, अर्धा किलो मोजला, वर एक मूठ घातली, पिशवीला गाठ मारली आणि माझ्या हातात दिली.

"तुम्हीच नेऊन द्या," ती म्हणाली. "आणि तिथे बसलात तर पाय हलवू नका."