पिठाच्या डब्यातला अंतराळवीर

वीजबिल कचेरीतल्या एका कारकुनाची कथा मासिकाने स्वीकारली आणि लेखकाचा फोटो मागवला. तिथूनच सगळं बिनसलं. (कथा मंगळस्वारीची, अगदी जुन्या वळणाची: लोखंडी अग्निबाण, हिरवे रहिवासी आणि सर्दीसुद्धा न होणारा नायक.) साधा फोटो काय, कोणीही देतं! आपण अंतराळवीराच्या वेषातच द्यायचा, असं त्याच्या मनाने घेतलं.

शिरस्त्राणासाठी त्याने पिठाचा डबा रिकामा केला. समोर खिडकी कापली, तळाला डोक्यापुरतं भोक पाडलं आणि पत्र्याच्या कडा लागू नयेत म्हणून आत वळवल्या. डोकं सुळकन आत गेलं. मेहुण्याने फोटो काढला आणि मग डबा वर ओढला. उंदराचा पिंजरा कसा चालतो, ते कारकुनाला तेव्हा कळलं.

"कान! कान!" तो आतून ओरडला.

"काय म्हणताहेत रे?" बायकोने भावाला विचारलं.

"'छान' म्हणताहेत, ताई. आवडलेला दिसतोय."

शेवटी पत्रेवाल्याला निरोप गेला. तो येईपर्यंत कारकून खुर्चीवर बसून राहिला.

"भाऊजींना ऐकू येत असेल का गं?"

"डबा नसताना तरी कधी येतं?" बायको म्हणाली. "आई गेल्याचा निरोप आला, तेव्हा हे लिहीत होते. मी सांगितलं, तर म्हणाले, 'थांब जरा, यान उतरतंय.'"

मेहुण्याने विचारलं, "मग?"

"मग काय! यान उतरलं. मी एकटीच आले ना तिकडे."

पत्र्यात शब्दन्‌शब्द घुमत होता. कारकुनाला काहीतरी बोलायचं होतं, पण पानंच्या पानं खरडणाऱ्या त्या माणसाला एक वाक्य जुळेना. डोळ्यांतून पाणी आलं. (डब्यात उरलेलं पीठ गेलं असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.)

पत्रेवाल्याने कात्रीने डबा उभा चिरला. बायकोने ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसलं, सोललेल्या कानांना मलम लावलं. मेहुणा पत्रेवाल्याला पोचवायला खाली गेला.

"आम्ही बोलत होतो, ते ऐकलंत का?" तिने हळूच विचारलं.

तिला ओशाळं वाटायला नको, म्हणून तो मोठ्या मनाने म्हणाला, "छे गं! एक अक्षरसुद्धा नाही."

"बरं झालं," ती स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. "मग पहिल्यापासून सांगते."