शब्दकोशाचे वाटे

आमच्या नांदेडकडच्या गोरेगावात इंग्रजी शब्दांचा तुटवडा आहे, ही बाब सर्वप्रथम अमृतरावांच्या निदर्शनास आली. त्या वर्षांत तुटवडा तसा बऱ्याच गोष्टींचा होता. साखर आणि रॉकेल रेशनच्या रांगेत मिळे. शब्दांसाठी मात्र शासनाने अद्याप दुकान उघडलेले नव्हते. परिणामी लिपिकपदाच्या स्पर्धा परीक्षेत गावची मुले इंग्रजीच्या पेपरात सरसकट पडत. अमृतराव स्वतः इतर सर्वांपेक्षा अधिक वेळा पडले होते, आणि या ज्येष्ठतेच्या बळावर ते नव्याने स्थापन झालेल्या ‘इंग्रजी शब्दसंवर्धन मंडळा’चे अध्यक्ष झाले.

मंडळाने नांदेडच्या जुन्या बाजारातून एक जाडजूड शब्दकोश आणला. तो आला त्या दिवशी मी त्याचा वास घेतला. ओल्या भिंतीचा आणि कुणाच्या तरी विझलेल्या उमेदीचा तो वास होता. कुणा अनोळखी विद्यार्थ्याने शब्दांखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या आणि त्या मध्येच थांबल्या होत्या. तो पास झाला की थकून घरी परतला, हे त्या रेघांवरून ठरवता येत नव्हते. मी स्वतः कुणाशी फारसा बोलत नसे. चारचौघांत ज्याला मराठीतही तोंड उघडता येत नाही, त्याने परक्या भाषेचे शब्द गोळा करावेत यातली विसंगती मला कळत होती. पण न बोललेले शब्द कोणत्याही भाषेतले असोत, उरात सारखेच जड होतात.

अडचण अशी होती की कोश एक आणि उमेदवार पंगतभर. प्रत्येकाला तो घरी न्यायचा होता.

“एकानं नेला तर बाकीच्यायनं काय भिंतीकडं पाहत बसावं?” जळबाने विचारले. जळबा मंडळातला सर्वांत तोंडाळ सभासद होता.

“वाटे पाडू,” अमृतराव म्हणाले.

गावात सामायिक बोकड कापला की त्याचे वाटे पडतात. ही पद्धत सर्वांच्या अंगवळणी पडलेली आणि न्याय्य म्हणून मान्यता पावलेली होती. तीच ज्ञानाला लागू करण्यास कुणाचीच हरकत आली नाही. पुंजाजी वाण्याच्या दुकानात कोश नेण्यात आला. कडबा कापायच्या विळ्याने अमृतरावांनी त्याची शिवण उसवली, आणि पुंजाजीने पाने तराजूत टाकून समान वजनाचे वाटे केले.

“इंग्रजीला वजन हाय बरं का,” पुंजाजी म्हणाला. “आमच्या मिरचीपरीस भारी भरून राहिली.”

अध्यक्षांनी एस हे अक्षर उचलले. जळबाला एन आणि ओ मिळाले. मला पी आणि क्यू आले. शेवटी पोचला तो तांड्यावरचा वसराम. ढोरे बांधून, चालत आला होता. त्याच्यासाठी एक्स, वाय आणि झेड एवढीच पाने उरली होती. तराजूचे पारडे वरच राहिले. अन्याय होऊ नये म्हणून पुंजाजीने कोशाचा पुठ्ठा त्यात टाकला आणि काटा जुळवला.

“बराबर झालं,” तो म्हणाला.

“पुठ्ठ्यावर शब्द किती हायत, काका?” वसरामने विचारले.

“थोडेच हायत,” अमृतराव म्हणाले, “पन सोनेरी हायत.”

पुढच्या बैठकीत नियम झाले. प्रत्येक सभासदाने आपल्या वाट्याचे शब्द पाठ करावेत. दुसऱ्याचा शब्द हवा असल्यास बाजारच्या दिवशी पारावर अदलाबदल करावी. परवानगीवाचून दुसऱ्याचा शब्द वापरणे ही चोरी समजली जाईल. “दुसऱ्याच्या रानातली शेंग तोडता का तुमी?” असा सवाल अध्यक्षांनी केला, आणि रात्रीबेरात्री ती तोडणाऱ्यांसह सर्वांनी माना हलवल्या. ‘सर’, ‘सॉरी’ आणि ‘सॅलरी’ हे तिन्ही शब्द अध्यक्षांच्या मालकीचे असल्याने नोकरीच्या सगळ्या वाटा त्यांच्या ओसरीवरून जाऊ लागल्या.

“वसरामा,” जळबा एकदा म्हणाला, “तुह्याकडं ‘येस’ हाय अन् ‘नो’ मह्याकडं. साहेबानं काई बी इचारलं तरी तुला व्हयच म्हनावं लागते आता.”

“मंग आजवर आमी कोनाला न्हाई म्हनलो, जळबाभाऊ?”

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने वसराम हसला. मला त्या हसण्याकडे पाहवेना, म्हणून मी पी अक्षरातला पुढला शब्द पाठ करू लागलो.

वसरामची ही अखेरची परीक्षा होती. त्याचे वय मर्यादेला टेकले होते. त्याचे वडील वारल्यापासून तांड्याकडेची जमीन आईच्या नावावर व्हायची राहिली होती. तालुक्याच्या कचेरीत अर्ज पडून होता, आणि पोरगा कचेरीत लागला तर अर्ज हलेल, एवढाच त्या घराचा हिशेब होता. वसराम तिला याडी म्हणे. त्यांच्या गोरमाटी बोलीत याडी म्हणजे आई. गाव तिला भिकाबाई म्हणून ओळखत असे.

एका बाजारच्या दिवशी भिकाबाई थेट पारावर आली.

“तुमी समदे इंग्रजी शिकून राहिले म्हनं,” ती म्हणाली. “कचेरीतला बाबू मला दर खेपेला एकच सांगतो. अर्ज पेंडिंग हाय म्हनतो. ते काय असते, बापू? पेरायचं असते का दळायचं?”

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. शब्द माझ्या वाट्यातला होता आणि मला तो येत होता. मी धीर गोळा करून तोंड उघडले.

“थांब, ग्यानोबा,” अमृतराव म्हणाले. “बाई सभासद न्हाई. मंडळाचा शब्द बाहेर द्यायचा तर ठराव लागते.”

“मी हाय की सभासद,” वसराम म्हणाला. “मला द्या. बदल्यात मह्यातला ‘झेब्रा’ घ्या.”

“गोरेगावात झेब्रा काय नांगराला जुपू?”

“मंग ‘यलो’ घ्या.”

“हळद हाय आमच्या घरी,” जळबा म्हणाला.

दर जुळेना. शेवटी वसरामने मंडळाकडे रीतसर अर्ज करावा असे ठरले. अर्ज अर्थातच इंग्रजीत हवा, आणि नियमानुसार तो स्वतःच्याच शब्दांत हवा. वसराम बराच वेळ कोऱ्या कागदाकडे पाहत बसला. मग त्याने ‘येस’ असे लिहून खाली सही केली. अध्यक्षांनी अर्ज दाखल करून घेतला आणि खिशात ठेवला.

पुढल्या बाजारी भिकाबाईने विचारले, “काय झालं पोराच्या अर्जाचं?”

“इचार चालू हाय.”

“म्हंजे कचेरीवानीच झालं की.”

“व्हय,” अमृतराव समाधानाने म्हणाले. “आता कुठं मंडळ रीतसर चालून राहिलं.”

मी ठराव नसतानाही तिच्या मागे जाऊन दोन वाक्ये बोलू शकलो असतो. तांड्याची वाट कापसाच्या रानातून जाते आणि तिथे मंडळाचे कुणी नसते. मी वळणापर्यंत गेलो. ती पुढे चालली होती, पदराचे टोक वाऱ्यात हलत होते, आणि इतक्या मोकळ्या जागेत आपला आवाज कसा ऐकू येईल या विचाराने मी परत फिरलो.

परीक्षा परभणीला झाली. पेपरात योग्य उत्तरावर केवळ खूण करायची होती. दुसऱ्याच्या शब्दावर खूण करणे नियमबाह्य असल्याने अमृतरावांनी आपल्या अक्षराबाहेरचे सर्व प्रश्न बाणेदारपणे सोडून दिले. इतरांनी त्यांचा आदर्श घेतला. मी गोंधळून सगळीकडेच खुणा केल्या. वसरामला गणिताने तारले. मुलाखतीला आम्ही दोघेच गेलो.

मुलाखतीचा कारभार इंग्रजीत होता. मी बाहेरच्या बाकावर होतो आणि मधे फक्त एक पडदा होता.

“यापूर्वी तुम्ही नापास झाला होता?”

“येस.”

“पुन्हा व्हाल असं वाटतं?”

“येस.”

“हे काम तुमच्या आवाक्याबाहेरचं आहे, असं आम्ही म्हटलं तर पटेल तुम्हाला?”

“येस.”

वसराम बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

“कसं झालं?”

“समद्याला व्हय म्हनलो,” तो म्हणाला. “भांडन न्हाई झालं.”

मला आत बोलावले. एका वृद्ध अधिकाऱ्याने विचारले, “गरीब माणसाचा न्याय्य अर्ज तुमच्या टेबलावर आला, तर त्याचं तुम्ही काय कराल?”

मला बरेच काही सांगायचे होते. रानातली वाट आणि पदराचे टोक डोळ्यांपुढे आले. वाक्य जुळेना, आणि मनात कधीचा अडकलेला एकच शब्द निसटला.

“पेंडिंग.”

मुलाखत घेणाऱ्या तिघांनी एकमेकांकडे पाहिले. वृद्ध अधिकाऱ्याने चष्मा काढून पुसला. “जे समजायला आमची सबंध नोकरी गेली,” ते सद्गदित होऊन म्हणाले, “ते या मुलाला आधीच समजलंय.”

माझी नेमणूक तालुक्याच्या त्याच कचेरीत झाली. अमृतरावांनी पारावर सत्कार केला आणि हा वाटेपद्धतीचा विजय असल्याचे जाहीर केले. आसपासच्या गावांतही मंडळे निघाली. आखाडा बाळापुरात तर म्हणे कोश न उसवताच वाटे ठरले. पाने कुणीच नेली नाहीत, पण मालकी चोख राहिली.

उन्हाळ्यात भिकाबाई कचेरीत आली. सोबत वसराम होता. ऊन लागू नये म्हणून त्याने तिच्या डोक्यावर तो पुठ्ठा धरला होता आणि त्यावरची सोनेरी अक्षरे चमकत होती.

“बरं झालं, आपला मानूस आत बसला,” ती म्हणाली. “बाबू सांगायचा तो शब्द तुह्याच वाट्याचा हाय, ग्यानोबा. आता तरी सांग, लेकरा. मह्या अर्जाचं काय?”

अर्ज माझ्याच टेबलावर होता. त्यावर माझा एक शेरा हवा होता; मग तो साहेबांकडे गेला असता. हेडक्लार्क चष्म्यावरून पाहत होते. खोली एकाएकी कापसाच्या रानासारखी मोकळी आणि मोठी झाली. मी तो शब्द उच्चारला. शक्य तितक्या हळुवारपणे उच्चारला.

तिने वसरामकडे पाहिले.

“येस,” वसराम म्हणाला, आणि दोघे पायऱ्या उतरून गेले.

शासकीय शिस्तीनुसार येथे एक खुलासा नोंदवणे आवश्यक आहे. या हकिकतीत ‘याडी’ हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ मला द्यावा लागला. तो दिला नसता तर आपण अडला असता. भिकाबाईने विचारलेल्या शब्दाचा अर्थ मी कोठेही दिलेला नाही, आणि आपण कोठेही अडला नाहीत. मंडळाच्या सभासदांत आपले नाव नव्हते. तरीही तराजू लागला तेव्हा आपण दुकानात होता, हे उघड आहे. कारण आपला वाटा आपल्याला पोचलेला दिसतो.