सूप थांबलं की पास

आमच्या समोरच्या डोंगरवार सरांच्या विद्यार्थ्यांचं लिखाण पास की नापास, हे माझ्या हातांवरून ठरतं. मी सातवी शिकलेली बाई. पुढचं जे काय आहे ते वाचनालयातली पुस्तकं घरी आणून वाचलेलं. सर मात्र गोंदियाच्या कॉलेजात लिहायला, माहिती शोधायला आणि ती लोकांना नीट सांगायला शिकवतात. आणि त्या पोरांची खरी परीक्षा इथे फुलचूरला, माझ्या ओट्यावर होते.

मी सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत बसते. पोरंपोरी समोर सतरंजीवर बसून आपलं लिहिलेलं वाचतात. कोणी मोबाईलवर आवाज ऐकवतो, कोणी व्हिडिओ दाखवतो. ऐकता ऐकता माझे हात थांबले, की पास. चालूच राहिले, की सर म्हणतात, "काकू निवडूनच राहिल्या. पुन्हा लिहा." वाईट मलाच वाटतं. एका पोरीसाठी मी एकदा मुद्दाम हात थांबवले, तर सरांनी लगेच ओळखलं. म्हणाले, "काकू, कॉपी नाही चालत."

दुसरं वेड पडताळणीचं. कोणतीही गोष्ट दोन माणसांकडून कळल्याशिवाय खरी मानायची नाही. गोरेगावच्या बाजारात गर्दी कमी होती, असं एकाने लिहिलं, तर त्याला परत एसटीत बसवून दुसऱ्या भाजीवालीला विचारायला धाडलं. "दुसरा कोण सांगते?" हा त्यांचा कायमचा सवाल. मी एकदा म्हटलं, सर, गुडघा लय दुखून राहिला. तर हा माणूस विचारतो, दुसरा कोण सांगते? मी म्हटलं, दुसरा गुडघा.

सर घरात एकटेच असतात. बायको वारून सहा वर्षं झाली. एकुलती मुलगी पल्लवी रायपूरला. तिने तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं, सर गेले नाहीत, आणि तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. तीन वर्षं झाली. ही माहिती मला तीन ठिकाणांहून मिळालेली आहे.

मागच्या महिन्यात सर ओट्यावर एकटेच आले. हातात दोन पानं. एका विद्यार्थ्याचं आहे, म्हणाले, जरा ऐका. मी सूप घेतलं. सर वाचायला लागले.

"प्रिय पल्लवी, तुला दिवस गेल्याचे सौंदडच्या आत्याकडून समजले. तुझ्या मैत्रिणीकडून त्यास दुजोराही मिळाला. या अनुषंगाने पुढील तीन मुद्दे..."

पहिला मुद्दा लोहाच्या गोळ्यांचा. दुसरा प्रवास टाळण्याचा. तिसरा काय होता ते मला आठवत नाही, कारण मला तोवर दोन खडे सापडले होते. सरांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि अर्ध्यावरच थांबले.

"नापास ना?"

"सर, गोळ्यांचं तिले डॉक्टर सांगतेच. तुम्ही कायले सांगता? तुम्हाले काय म्हणायचं हाय तिले?"

सर पानांच्या कडा जुळवत बसले. मग हळूहळू सांगू लागले. पल्लवीच्या वेळी तिच्या आईला आंबट नको, गोड नको, फक्त लाखोळीच्या पाल्याची वाळवलेली भाजी हवी असायची. ती कुठे मिळेना, तेव्हा सर सायकलने गावोगाव फिरले होते. "आता पोरीले काय खावंसं वाटते, मले मालूम नाही, काकू. हे दुसऱ्या कोणाले विचारता येत नाही."

मी सूप खाली ठेवलं. म्हटलं, मग तिलेच विचारा. कागद राहू द्या, फोनवर बोला.

तेवढी हिंमत नव्हती. आवाज भरून पाठवतो म्हणाले. सात वेळा भरला, सात वेळा पुसला. कधी खोकला आला, कधी ट्रक गेला. आठव्यांदा एवढंच बोलले, "पल्लवी, बाबा बोलून राहिलो. तुले काय खावंसं वाटते?" आणि पाठवून मोकळे झाले.

मी चहा ठेवायला उठले, तेवढ्यात फोन वाजला. अख्ख्या कॉलेजाला बोलायला शिकवणाऱ्या माणसाने तो माझ्या हातात दिला. तुम्हीच बोला, म्हणाले. मी तो उचलला आणि त्यांच्याच कानाला लावला.

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. सर नुसते हं, हं करत होते. मग खिशातून पेन काढून त्यांनी ती दोन पानं उलटी केली आणि लिहायला लागले. उकडलेले शिंगाडे. अंबाडीची भाजी. घरचा पातळ भात. एक लिहून झालं की विचारायचे, "आणखी?"

तिचं सांगून संपलं असावं. कारण पेन खाली ठेवलेलं होतं, तरी सर विचारतच होते, "आणखी? आणखी काय, बेटा?"