नाव घेऊन हाक मारा

नेकनूरच्या कोंडवाड्यावरचे तात्या पिकात शिरलेलं कुठलंही मोकाट जनावर धरून आणत आणि मालक आला तरी सहजी सोडत नसत. त्यांचा कायदा निजामाच्या कायद्याहून कडक होता. मालकाने फाटकाबाहेर उभं राहून जनावराला नावाने हाक मारायची. जनावराने मान वळवली, की तात्या म्हणत, "वळख पटली. न्या." एकदा पाटलांचा बैल बहिरा निघाला आणि पाटील दिवसभर ओरडत उभे राहिले. मी तिथला शाळामास्तर. शाळा लवकर सोडून ती गंमत बघायला गेलो होतो.

मग एके सकाळी विमान आलं. वरच तेलाची नळी फुटून इंजीन बंद पडलं आणि ते थेट उभ्या ज्वारीत घुसलं. बांधाला धडकून चाक मोडलं. हैदराबादचा तरुण वैमानिक कपडे झटकत उतरतो, तोवर तात्या दावं घेऊन हजर.

"लई पीक तुडवलं बे ह्यानं."

कोंडवाड्याच्या फाटकातून पंख जाणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी शेतातच खुंट्या ठोकून विमान बांधलं. पुढ्यात कडबा टाकला, पाण्याची बादलीही ठेवली.

"ये मशीन है, चाचा." वैमानिक रडकुंडीला आला होता.

"असंल. नाव काय हाय?"

"बुलबुल."

"मग हाक मारा."

त्याने तहसीलदाराचं नाव घेतलं, तरी तात्या हलेनात. चार दिवसांनी हैदराबादहून मिस्त्री नवी नळी आणि चाक घेऊन आला. सगळं बसवून झालं, तरी दावं सुटेना. शेवटी वैमानिक जीव तोडून "बुलबुल!" ओरडला, त्याच वेळी मिस्त्रीने पुढचा पंखा फिरवला आणि इंजीन असं गरजलं की निम्मं गाव ज्वारीत आडवं झालं. तात्या तेवढे उभे.

"वळख पटली," ते म्हणाले. "न्या."

शेजारच्या माळावर ढकलत नेल्यावर विमान उडालं आणि गाव पांगलं. तात्या खुंट्या उपटत होते. मी विचारलं, "तात्या, हा हाकेचा हट्ट कशापायी?"

"ल्हानपनी आष्टीच्या बाजारात चुकलतो, मास्तर. एका धनगरानं मेंढरांसंगं हितं आणलं. रोज वाटंवर बसायचो. हाक मारायला कोनी आलंच न्हाई."

"तेव्हा नाव काय होतं?"

"गणू. आता कुनाला ठावं न्हाई."

दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना मी फाटकाबाहेर थांबलो. एवढ्या वयाच्या माणसाला एकेरी हाक मारायला जीभ रेटेना, पण मारली.

"गणू!"

तात्यांनी मान वळवली, आणि हातातला कडबा तसाच घेऊन ते फाटकापर्यंत चालत आले.